दीपेश तरे स्मृतिचषक

राहनाळ, भिवंडी
३ जानेवारी २०२५

आदरणीय सावळाराम मास्तर,
सविनय जयभीम.

मी धम्मदिना यादव रोकडे. ॲडव्होकेट दीपेश तरे यांच्याकडे दोन वर्षं ज्युनिअर होते. सरांच्या दहाव्याला तुम्ही वज्रेश्वरीहून आला होतात आणि कोणाशी न बोलता कठड्यावर बसून होतात. मृणालीवहिनींनी सांगितलं, यांनीच सरांना कबड्डी शिकवली. मी तुमचा नंबर मागितला, तर म्हणाल्या, त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही, पण पत्राला उत्तर देतात. म्हणून हे पत्र.

वकील संघाच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी सरांच्या उलटतपासणीबद्दल बोलले. माझ्यानंतर एक ज्येष्ठ वकील उठले आणि म्हणाले, "खेळाडू होता बिचारा, वकिली त्याला झेपणारी नव्हती." सगळे हळहळल्यासारखं हसले. मी तिथे काही बोलू शकले नाही. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. पप्पा लूमवर, आई गोदामात पॅकिंगला. मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायची सवय आम्हाला कुणी लावलेली नाही. ती सर लावत होते. मी लिहिलेला अर्ज ते मला उभं करून एका दमात वाचायला लावायचे. जिथे दम तुटेल तिथे वाक्य तोडायचं. म्हणायचे, न्यायाधीशालाही श्वास घ्यायचा असतो.

पण मी ज्या कामासाठी लिहिते आहे ते वेगळं आहे.

२०२२ च्या मे महिन्यात मानकोलीच्या आतल्या रस्त्यावर केसरीनाथशेठच्या गोदामाला आग लागली. संध्याकाळच्या शिफ्टच्या दोन बायका आत मेल्या, सीताबाई आणि कमळ. पुढून आग होती आणि मागच्या शटरला बाहेरून कुलूप होतं. शेठवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला चालू आहे. सर मेलेल्या बायकांच्या घरच्यांच्या वतीने सरकारी वकिलांना मदत करत होते. आता ते काम माझ्याकडे आलं आहे. कुलूप होतं असं सांगणारा एकच साक्षीदार शिल्लक आहे, गोदामाचा वॉचमन महादू, तुमचा भाचा. त्याने ते कुलूप पहारीने तोडलं. बारा फेब्रुवारीला त्याची साक्ष आहे.

आणि पंचवीस जानेवारीला आमच्या मैदानावर 'दीपेश तरे स्मृतिचषक' आहे. प्रायोजक केसरीनाथशेठ. नाक्यावर बॅनर लागला आहे. त्यावर सर लाल जर्सीत आहेत, मांडीवर थाप मारताना. सतरा वर्षं जुना फोटो. काळ्या कोटातला एकही नाही. सरांपेक्षा शेठचा चेहरा मोठा आहे. खाली 'शुभहस्ते उद्घाटन' म्हणून तुमचं नाव आहे, आणि यजमान संघाचा कर्णधार म्हणून महादूचा फोटो.

मास्तर, तुम्ही नारळ फोडलात की गाव समजेल, सगळं मिटलं. महादूही तेच समजेल. कृपा करून जाऊ नका. तुम्ही नाही म्हटलंत तर तोही थबकेल.

सर खेळाडू म्हणून कसे होते तेही जमलं तर लिहा. मला त्यांचं अर्धंच आयुष्य माहीत आहे.

आपली,
धम्मदिना


वज्रेश्वरी
९ जानेवारी २०२५

चि. धम्मदिना हिला सावळाराम मास्तरचा आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र सुनेने आमच्या नारळ-हारांच्या दुकानात आणून दिलं. दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आहे.

दीपेश माझ्याकडे आला तेव्हा सहावीत होता. मी तेव्हा राहनाळच्या शाळेत पीटीला होतो. अंगात काही नव्हतं, नुसती हाडं. बाकीच्या पोरांना चढाई करायची असे, कारण टाळ्या चढाईला पडतात. हा म्हणाला, मला कोपऱ्यात उभं करा. डावा कोपरा. कोपऱ्याचं काम थांबायचं असतं. समोरचा नाचतो, हूल देतो, तुझ्या तोंडापुढे हात फिरवतो, पण तू हलायचं नाहीस. त्याचा पाय तुझ्या हद्दीत पुरता पडला की घोटा धरायचा. लवकर गेलास तर मेलास. दीपेशइतका थांबणारा मुलगा मी पाहिला नाही. कधी कधी मलाच राग यायचा, अरे धर की आता.

पुढे मुंबईच्या कंपनीच्या संघात गेला, मग लीगमध्ये दोन हंगाम खेळला. लिलावात त्याचं नाव पुकारलं तेव्हा गावात फटाके वाजले. तिसऱ्या हंगामाआधी सरावात गुडघा गेला. तीन जणांनी मिळून पकड केली आणि तिघेही त्याच्यावर पडले. ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. इथल्या गरम पाण्याच्या कुंडात तो महिनाभर गुडघा बुडवून बसायचा. एक दिवस म्हणाला, मास्तर, मी लॉ करतो. मी म्हटलं, तुला बोलता तरी येतं का? तो म्हणाला, बोलायचं कमीच असतं, थांबायचं जास्त असतं. मला वाटलं, पोरगा दुःखाने बरळतोय. सनद मिळाली तेव्हा पेढे घेऊन आला. गावाने मात्र त्याला शेवटपर्यंत वकील मानलं नाही. लग्नाच्या पत्रिकेतही 'कबड्डीपटू' छापलं होतं.

आता तुझं म्हणणं. मुली, मेलेल्या खेळाडूच्या नावाने मैदान आखलं की नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. चषक कोणाच्या पैशाचा आहे हे विचारत नाहीत. माझ्या वयाची किती माणसं केसरीनाथने वाटलेला पेढा खात नाहीत? नाही गेलो तर म्हणतील, मास्तरला दीपेशचं काही नाही. साक्ष वेगळी आणि खेळ वेगळा. महादू माझ्या बहिणीचा मुलगा आहे. खोटं बोलायची त्याची जात नाही. तू घाबरू नकोस. जेवत जा.

सावळाराम मास्तर


राहनाळ
१४ जानेवारी २०२५

आदरणीय मास्तर,
जयभीम.

सरांबद्दल लिहिलंत ते मी आईला वाचून दाखवलं. "थांबायचं जास्त असतं" इथे मला पुढे वाचता आलं नाही. या खटल्यात महादूची साक्ष आधी दोनदा लागली होती आणि दोन्ही वेळा सरांनीच सरकारी वकिलांना सांगून तारीख पुढे घ्यायला लावली. मी तेव्हा भांडले होते. ते एवढंच म्हणाले, तो अजून तयार नाही. तिसऱ्या तारखेच्या आधी कोर्टाचा जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. आता ते 'तयार' म्हणजे काय ते मला विचारताही येत नाही.

महादू खोटं बोलणार नाही म्हणता. मी काल त्याच्या घरी गेले होते. त्याच्या अंगात चषकाचं नवं जॅकेट होतं, पाठीवर शेठच्या फर्मचं नाव. आता तो गोदामाच्या गेटवर नसतो, शेठच्या ऑफिसात एसीत बसतो. मला बघून आत गेला. त्याची आई, म्हणजे तुमची बहीण ठकुबाई, मला चहा देत म्हणाली, "पोरी, त्याला झोप नाय येत. तू त्याला तेच तेच नको इचारू." मी तरी थांबले. शेवटी तो बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्याडम, लय दिवस झाले. शटरला कुलूप व्हतं का जाम झालतं, मला आता नीट आठवत न्हाय."

हे वाक्य त्याचं नाही. 'शटर उष्णतेने जाम झालं' हा शेठच्या वकिलांचा बचाव आहे, शब्दाला शब्द. ते वाक्य त्याच्या तोंडात कसं आलं, सांगा.

मास्तर, माझ्याकडे दुसरं काही नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आगीत गेलं. दुसरा वॉचमन उत्तर प्रदेशात निघून गेला, त्याचं समन्स तीन वेळा परत आलं. कुलूप सापडलं, तर ते म्हणतात, गोदामात शंभर कुलपं असतात, हे त्याच शटरचं कशावरून? महादू फिरला तर सीताबाई आणि कमळ स्वतःच्या नशिबाने मेल्या असं होईल. सीताबाईची मुलगी नेत्रा माझ्याबरोबर शाळेत होती. आईच्या जागेवर आता तीच त्याच शेठच्या दुसऱ्या गोदामात डब्यांना टेप लावते. दर तारखेला रजा टाकून येते आणि मला विचारते, "होईल ना गं?" मी हो म्हणते. कशाच्या जोरावर म्हणते, माहीत नाही.

माझी आईही त्या महिन्यात त्याच गोदामात जाणार होती. ताप आला म्हणून गेली नाही.

तुम्ही जाणारच असाल तर निदान एवढं करा. महादूला बाजूला घेऊन त्याच्याशी बोला. तो तुमचं ऐकेल. पण एकट्याशी बोला.

आपली,
धम्मदिना


वज्रेश्वरी
२७ जानेवारी २०२५

चि. धम्मदिना,
अनेक आशीर्वाद.

काम झालं. आता तू निर्धास्त राहा.

शनिवारी केसरीनाथने गाडी पाठवली होती, पण मी एसटीने गेलो. मैदान ओळखू येत नव्हतं. मातीवर निळी मॅट घातलेली, चारी बाजूंनी दिवे, आणि सिनेमासारखा मोठा पडदा. त्यावर दीपेश पकड करताना पुन्हा पुन्हा दाखवत होते. मला गहिवरून आलं. केसरीनाथने शाल घातली आणि कानाशी येऊन काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

मग महादू संघ घेऊन पाया पडायला आला. मी त्याचं तोंड पाहिलं. पोरी, मी चाळीस वर्षं पोरांची तोंडं पाहिली आहेत. पंचाने विचारायच्या आधी मला कळतं, कोण काय लपवतोय. तुझं पत्र खरं होतं.

तू म्हणालीस, एकट्याशी बोला. पण कानात सांगितलेलं कानातच मरतं. आमच्यात जे ठरतं ते मैदानात, चार लोकांत ठरतं. मी माइक मागितला. मला माझा आवाज ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतोच, त्यामुळे माइक नसता तरी चाललं असतं. पोरांना सांगितलं, ही मॅट उचला. कोपऱ्यातून उचलली. खालची माती ओंजळीत घेतली आणि महादूच्या हातात दिली. म्हटलं, "दीपेशच्या नावाने खेळतोस, तर दीपेशच्या खटल्यात खरं बोलशील. या मातीवर सांग." त्याने आधी केसरीनाथकडे बघितलं. पण बोलला. ओठ हलताना मी पाहिले, आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. केसरीनाथनेही वाजवल्या. बिचारा काय करणार!

मग मी नारळ फोडला.

मातीची शपथ आमच्यात कोणी मोडलेली नाही. तू बारा तारखेला बघ.

सावळाराम मास्तर


राहनाळ
२९ जानेवारी २०२५

मास्तर,

हे पत्र बसच्या कंडक्टरकाकांच्या हाती देते आहे, पोस्टाला वेळ नाही.

तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून राग तरी कोणावर धरू? सगळी स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह होती. तुम्ही माती देताय, तुम्ही सांगताय, महादू मान हलवून म्हणतोय, हे सगळं भिवंडीने पाहिलं. काल बाररूममध्ये शेठचे वकील माझ्या टेबलापाशी आले. फोनवर तोच व्हिडिओ लावला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या साक्षीदाराची तालीम छान झाली. कोच पण भारी आहे."

कोर्टात पढवलेल्या साक्षीदाराला किंमत नसते. आता महादू खरं बोलला तरी ते म्हणतील, हे त्याचं नाही. मेलेल्या वकिलाच्या मास्तरांनी, साक्षीदाराच्या मामांनी, पाच हजार लोकांसमोर त्याच्यावर दबाव टाकून वदवून घेतलं. आणि खोटं बोलला तर आपण तसेही बुडालोच आहोत. मी दोन दिवस यातून वाट शोधते आहे. सरकारी वकिलांना विचारलं, ते म्हणाले, बघू. सर असते तर काय केलं असतं हे शोधायला त्यांच्या जुन्या फाइली उघडून बसते.

त्याला आता काहीही सांगू नका. त्याच्याकडे जाऊ नका. मला त्याची भीती वाटते आणि त्याची दयाही येते.

धम्मदिना


राहनाळ
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मास्तर,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. ते मी रागाने लिहिलं होतं. तरी काल काय झालं ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी कळवावं असं वाटलं.

महादू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. जॅकेट नव्हतं. नेत्रा मागच्या बाकावर होती. शेठ आरोपीच्या जागी, हाताची घडी घालून. सरतपासणीत सरकारी वकिलांनी विचारलं आणि महादूने सगळं पोलिसांना दिलेल्या जबाबाप्रमाणे सांगितलं. शटर बंद होतं, बाहेरून कुलूप होतं, मी पहारीने तोडलं, तोवर उशीर झाला होता. 'आठवत नाही' म्हणाला नाही. मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, मास्तरच खरे.

मग शेठचे वकील उठले. त्यांनी व्हिडिओचा विषय काढला. महादूने कबूल केलं की हो, शपथ घेतली. कोणी घ्यायला लावली? मामांनी. काय बोलायचं ते मामांनी सांगितलं? महादू म्हणाला, "काय बोलायचं त्ये नाय सांगितलं. खरं बोल म्हणले."

वकील हसले. कोर्टात दोघं तिघं हसले. मग ते जरा वाकून, लाडात विचारल्यासारखं म्हणाले, "म्हणजे त्या मातीच्या शपथेप्रमाणे आज तुम्ही सगळं खरं सांगितलंत. बरोबर?"

त्यांना 'हो' हवं होतं. 'हो' म्हटलं असतं तर पुढचे दहा प्रश्न तयार होते. मलाही 'हो'च हवं होतं. महादूने कठडा धरला. मग म्हणाला, "न्हाय. सगळं न्हाय सांगितलं."

मास्तर, पुढचं मी त्याच्याच शब्दांत लिहिते.

"कुलूप मीच लावलं व्हतं. बायका मागच्या दारानं भायेर जातात, माल जातो, तू सरावाला जाशील तवा कुलूप घालून जा, आसं शेठनी मला गेटवर सांगितलंतं. मी रोज घालून जायचो. त्या दिशीबी घातलं आन मैदानात खेळाया गेलो. आग दिसली तवा धावत आलो. चावी माझ्याच खिशात व्हती. पर कुलूप तापलंतं, चावी फिरली न्हाय. म्हून पहार आनली."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला थांबवलं. सांगितलं की या उत्तराने तुमच्यावर गुन्हा येऊ शकतो, तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही. तो म्हणाला, बोलतो. मग शेठकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "दीपेशदादाला म्हायती व्हतं. पयल्याच आठवड्यात त्याला सांगितलं. सराव त्योच घ्यायचा ना, उशीर झाला तर त्योच वराडायचा. त्यो म्हणला, मला सांगून काय उपयोग, कोर्टात सांग. मी न्हाय म्हणलो. त्यो म्हणला, मंग मी थांबतो."

शेठच्या वकिलांना तर लॉटरीच लागली. शेठने कुलूप लावायला सांगितलं ते आणखी कोणी ऐकलं? नाही. लेखी काही? नाही. म्हणजे वॉचमन ड्युटी सोडून कबड्डी खेळायला गेला, जाताना स्वतःच्या मनाने बायकांना कोंडून गेला, मालकाचा काय दोष? ते हेच लिहून घेत होते. शेठने हाताची घडी सोडली आणि रुमालाने चष्मा पुसला.

बाहेर व्हरांड्यात महादू एकटाच भिंतीला टेकून उभा होता. गावची पोरं आली होती, ती जिन्यावरून खाली निघून गेली. नेत्रा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, मारेल. तिने विचारलं, "आई आतून काही बोलत होती का?"

तो जिन्याकडे बघू लागला. तिने परत विचारलं.

"माझं नाव घेत व्हती," तो म्हणाला. "महादूला बोलवा म्हणत व्हती. चावी कोनाकडं हाय, त्यांना म्हायती व्हतं."

नेत्रा तिथेच खाली बसली. मी तिला उठवू शकले नाही. मी पण तिच्या शेजारी बसले, कोटासकट, व्हरांड्यात.

धम्मदिना


राहनाळ
२४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मास्तर,

तुमचं अजून काही नाही. पत्रं मिळत असतील असं धरून लिहिते.

महादू साक्षीच्या दिवशी घरी गेला, तो परत गावात कोणाला दिसलेला नाही. शेठच्या ऑफिसातून त्याला काढलं. स्मृतिचषकाच्या बॅनरवरून त्याचा फोटो कोणीतरी ब्लेडने कापून नेला आहे, सरांचा आणि शेठचा तसाच आहे. ठकुबाईंच्या दारात कोणी जात नाही. मी गेले, तर त्यांनी कडी काढली नाही.

आता मला काय करायचं आहे ते सांगते. खटल्यात नवा आरोपी जोडण्यासाठी अर्ज करावा लागतो. सरकारी वकील म्हणाले, मसुदा तू कर, मी सही करतो. मी सीताबाई आणि कमळच्या घरच्यांची वकील आहे. कुलूप ज्याने लावलं त्याला आरोपी करा असं म्हणणं माझं काम आहे. तो आरोपी झाला तर कुलूप लावायचा हुकूम शेठनेच दिला का, हा प्रश्न कोर्टापुढे उघडा राहील, नाहीतर सगळं त्याच्यावर ढकलून शेठ सुटतील. कायद्याने पाहिलं तर अर्ज बरोबर आहे. पण या सगळ्या प्रकरणात एकच माणूस खरं बोलला, आणि त्यालाच मी पिंजऱ्यात उभा करणार. तो खरं बोलावा म्हणून तुमच्या मागे मीच लागले होते.

चार दिवस कागद समोर आहे. पहिल्या वाक्यालाच दम तुटतो.

आणि सर. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी मला सांगितलं नाही. अडीच वर्षं नेत्राला तारखेला बोलावत राहिले आणि थांबत राहिले. वकिलाने असं थांबावं का? त्यांच्या सरावाला उशीर होऊ नये म्हणून तो पोरगा कुलूप घालून धावत जायचा, हे त्यांना रोज रात्री आठवत असेल का? मी त्यांना देव मानत होते असं नाही, पण सरळ मानत होते. आता त्यांची आठवण काढायला बसले की मला कुठून धरावं तेच कळत नाही.

तुम्हाला हे माहीत होतं का? असेल तर तसं लिहा. नसेल तरी लिहा. मला या वेळी कोणीतरी मोठ्या माणसाने उत्तर द्यायला हवं आहे.

धम्मदिना


वज्रेश्वरी
३ मार्च २०२५

चि. धम्मदिना,
जयभीम.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. हात चालत नव्हता.

मला माहीत नव्हतं. पण मी निर्दोष आहे असंही म्हणवत नाही. आग लागली त्या पावसाळ्यात दीपेश इथे आला होता. कुंडात गुडघा बुडवून बसला. मी काठावर होतो. त्याने माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश विचारलं, म्हणजे मला ओठ वाचता यावेत म्हणून. "मास्तर, आपला गडी बाद झालाय, पंचाने पाहिलं नाही, पण कर्णधाराने पाहिलंय. कर्णधाराने काय करायचं?" मला वाटलं, कुठल्यातरी सामन्याचं विचारतोय. मी आमच्या शाळेतलं उत्तर दिलं. कर्णधाराने बोट दाखवायचं नाही. गड्याने स्वतः हात वर करून बाहेर जायचं. कर्णधाराने तोवर थांबायचं. त्याने गुडघा पाण्याबाहेर काढून पुसला. मग माझ्या पाया पडून गेला.

मी खेळाचं उत्तर दिलं. त्याने ते दोन मेलेल्या बायकांच्या खटल्यात वापरलं. वकिलाने थांबावं का, हे मला कळत नाही. त्या नेत्राला वाटत असेल, थांबायला नको होतं, आणि ती म्हणेल तेच खरं धरायला पाहिजे. पण तो लपवत नव्हता. वाट बघत होता. तुझ्यापासून का लपवलं असेल, तर तुला कळल्यावर तू गप्प बसली नसतीस. हे तुझं चांगलं आहे.

महादू माझ्याकडे आहे. साक्षीच्या संध्याकाळी शेवटच्या गाडीने आला. दुकानात नारळ सोलतो, हारांच्या टोपल्या भिजवतो. बोलत नाही. मला तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललंय. तुझं शेवटचं पत्र मी त्याला वाचायला दिलं. अर्जाचं लिहिलंय ते त्याने बोटाने परत वाचलं. मग पाटी घेऊन त्यावर मला लिहून दाखवलं, "त्यांना सांगा लिहा."

तर मी सांगतो. लिही. दम तुटला तर दुसरं वाक्य घे, पण लिही. शेठने गेटवर काय सांगितलं ते त्यात मोठ्या अक्षरात घाल. त्याला वॉरंट लावू नका, पोलीस पाठवू नका. बहिणीच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहायला नको. नुसती तारीख कळव. मी त्याला सकाळच्या गाडीने घेऊन येतो, नाक्यावर उतरून चालत येऊ.

नेत्राला माझ्याकडून काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही, म्हणून काही सांगू नकोस.

मी कोर्टात कधी आलेलो नाही. आरोपीला कठड्यात उभं करतात असं ऐकलंय. तिथे बाहेरच्या माणसाला त्याच्या किती जवळ उभं राहू देतात, तेवढं लिहून पाठव.

सावळाराम